पंचनाम्यात उत्तर दिशा दोनदा: काल्पनिक गुन्ह्यांचा पॉडकास्ट सुरू करताना

एखाद्या गुन्ह्याचा तपास पॉडकास्टमधून भागाभागाने उलगडत जायचा. पण गुन्हाही खोटा, तपासही खोटा, आणि शेवटी गुन्हेगाराच्या जागी असं काही निघायचं, की त्याला माणूस, भूत, देव यांपैकी कुठलंच नाव लागत नाही. इंग्रजीत याला कॉस्मिक हॉरर म्हणतात. असा पॉडकास्ट मराठीत करायचं ज्यांच्या डोक्यात आहे, पण माइक कोणता घ्यायचा इथेच गाडी अडली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माइकचं नंतर बघू. असा पॉडकास्ट तरतो किंवा बुडतो तो कागदावर. कागद म्हणजे नुसती संहिता नव्हे. पोलीस ठाण्यातला, तलाठी कार्यालयातला, भूमी अभिलेखमधला कागद.

आधी भुताला निरोप द्या

मराठी भूतकथेत भुताचा माणसांशी काहीतरी हिशेब असतो. सोडमुंज न होताच गेलेला मुंजा, बाळंतपणात गेलेली हडळ, पुरलेल्या धनावर बसलेला राखणदार, विहिरीत ढकललेली सून. प्रत्येकाला काहीतरी हवं असतं आणि ते मिळालं की गोष्ट मिटते: नारळ, कोंबडा, माफी, नाहीतर न्याय. गुन्हेकथेलाही हिशेबच चुकता करायचा असतो. म्हणून या दोन्ही कथा फार पटकन जुळतात. खून झालेली बाई खुन्याच्या मागे लागते आणि ऐकणाऱ्याला दुसऱ्या भागातच शेवट कळून चुकतो.

कॉस्मिक हॉररमध्ये हिशेबच नसतो. समोर जे काही आहे त्याला तुमचा राग नाही, कीव नाही, तुम्ही तिथे आहात याची दखलही नाही. इथली भीती मरणाची नसते. ज्या मापांवर आपण जग मोजत आलो ती मापं इथे चालत नाहीत, याची असते. आपल्या लोकसमजुतींत याच्या सगळ्यात जवळचा आहे तो चकवा. चकव्याला कोंबडा नको, सूड नको. पायाखालच्या माळावर माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे बघतो तर निघाला तिथेच उभा. का, ते कोणी सांगत नाही, आणि कोणी फारसं विचारतही नाही.

तेव्हा पहिलं काम असं: एका कागदावर प्रश्न लिहा, ‘त्याला काय हवंय?’ उत्तर सुचलं, तर तुमच्याकडे भूतकथा आहे. ती वाईट नव्हे, पण ती वेगळ्या पॉडकास्टसाठी ठेवा.

जागा शोधा, पण देवाला हात लावू नका

महाराष्ट्राची जमीन या प्रकाराला फार सोयीची आहे. लोणारला उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये पडलेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आहे, आणि २०२० च्या जूनमध्ये त्या सरोवराचं पाणी गुलाबी झालेलं सगळ्यांनी पाहिलं. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अवकाशातल्या रेडिओलहरी ऐकत असतात. कोयनेच्या खोऱ्यात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला, जमीन अजूनही अधूनमधून हलतेच आहे, आणि तिचा अभ्यास करायला तिथे सुमारे ३ किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं. यातल्या कशावरही एक हंगाम उभा राहील. लोणार आणि खोडदवर मात्र पहिल्यांदा लिहिणाऱ्यांची उडी सगळ्यात आधी पडते, एवढं लक्षात ठेवा.

माझी पसंती कोकणातल्या सड्याला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या उघड्या पठारांवर कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगात दुसऱ्या प्राण्यांच्या आकृत्या कोरल्या आहेत. बारसूला एक मनुष्याकृती आहे, दोन्ही बाजूंना वाघासारखे प्राणी. यांतली काही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्या यादीत गोव्यातलं फणसायमळही आहे. ही चित्रं कोणी कोरली, कशासाठी कोरली, याचा निर्णायक पुरावा नाही. त्यात देवाचे गोठणे इथल्या सड्यावर एका जागी होकायंत्राची सुई भलतीकडे वळते. कारण भूगर्भशास्त्रीय आहे, पण गोष्ट लिहिणाऱ्याला त्या सुईइतकं मोठं बक्षीस दुसरं नाही.

खऱ्या जागेचा पोत घ्या, गाव मात्र खोटं घ्या. पोलीस ठाणंही खोटं. एखाद्या ग्रामदेवतेला किंवा कातळशिल्पालाच त्या भयाचं घर करू नका. तिथे आजही लोक नारळ ठेवतात, आणि तुमचा पॉडकास्ट ऐकून शनिवारी रात्री गाड्या घेऊन येणाऱ्या पोरांचा त्रास त्यांना होतो. अमेरिकेत हा साहित्यप्रकार १९२० ते ३० च्या दशकांत घडला, तेव्हा त्यातलं बरंचसं भय परक्या वंशांच्या तिरस्कारावर पोसलेलं होतं. ती सवय इकडे आणली, की डोंगरातला आदिवासी पाडा आणि त्यांची अघोरी पूजा असली कथा आपोआप लिहून होते. संशयित म्हणून पारधी दाखवायचा मोहही तसाच. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि १९५२ मध्ये तो कायदा गेल्यावरही ज्यांच्या मागचा शिक्का सुटला नाही, त्यांना आणखी एका गोष्टीत गुन्हेगार करायची गरज नाही.

प्रकरण एका ओळीत बसवा

इथून पुढे एकच उदाहरण धरून चालू. सगळं काल्पनिक.

मे २०१७. कोकणातल्या एका सड्यावर भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक गटाची मोजणी करायला जातो आणि परत येत नाही. त्याचं यंत्र तिपाईवर उभंच्या उभं सापडतं. मोजणीचे दोन कच्चे कागद मिळतात. सकाळच्या मोजणीत क्षेत्र १ हेक्टर ४० आर, सातबाऱ्याशी तंतोतंत जुळणारं. दुपारच्या मोजणीत हद्दीच्या खुणा त्याच, चारही बाजूंची लांबी तीच, पण क्षेत्र १ हेक्टर ५२ आर. वाढलेले १२ आर कोणीतरी पेन्सिलने पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीत, टाकलेत.

बस, एवढंच. बाहेरून जमीन तेवढीच, आतून जास्त. ज्याने आयुष्यात एकदा तरी बांधावरून भांडण केलंय, निदान पाहिलंय, त्याला हे शब्दांत समजवावं लागत नाही. म्हणूनच भयासाठी दूरचे तारे आणि अगम्य भाषेतले ग्रंथ शोधण्यापेक्षा मोजणी, फेरफार, वारसनोंद या गोष्टींत बघा. जगाची नोंद पक्की आहे हा विश्वास आपल्याकडे तिथे राहतो.

फाइल आधी तयार करा

नवशिक्यांकडून हीच पायरी सुटते. सरळ संवाद लिहायला बसतात आणि मग हवालदार सिनेमातल्यासारखा बोलतो. त्याऐवजी आधी तपासाची अख्खी फाइल लिहा. त्यातलं निम्मं कधीच वाचून दाखवलं जाणार नाही, पण ऐकणाऱ्याला फाइल खरी असल्याचं जाणवतं.

कार्यपद्धती नीट समजून घ्या. सज्ञान माणूस हरवला तर लगेच गुन्हा दाखल होत नाही. मिसिंग रजिस्टरला नोंद होते. हरवलेली व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर अपहरणाचा गुन्हा धरला जातो. मृतदेह मिळाला आणि कारण स्पष्ट नसेल तर अकस्मात मृत्यूची नोंद, तिचा क्रमांक वेगळा. गुन्हा नोंदला तर गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर. या तिन्हींची सरमिसळ केलीत, तर पोलीस खात्यातला एकही श्रोता पुढचा भाग ऐकणार नाही.

तारखाही सांभाळा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याच्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. २०१७ च्या खुनाला कलम ३०२, २०२५ च्या खुनाला कलम १०३. आपली गोष्ट मुद्दाम दोन्ही काळांत पाय ठेवते, कारण नव्या कायद्यात झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक झालं. पॉडकास्टवाल्याला याहून मोठी देणगी कोण देणार? २०१७ चा पंचनामा फक्त कागदावर आहे, तो वाचून दाखवावा लागतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सड्यावर भूकरमापकाची पिशवी सापडते, तिची जप्ती होते, आणि या वेळी आवाज आहे.

आता त्या आवाजाचं काय करायचं? इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र जोडतात त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहायचं असतं. हॅश म्हणजे फाइलमधून गणिताने काढलेली एक लांबलचक संख्या. फाइलमध्ये तसूभर फरक पडला तरी ती बदलते. आपल्या गोष्टीत ठाण्यातल्या प्रतीची लांबी ४ मिनिटं १० सेकंद, न्यायालयातल्या प्रतीची ४ मिनिटं २१ सेकंद, आणि हॅश मात्र दोन्हींचं तेच. संगणक शिकलेल्या श्रोत्याच्या अंगावर इथे काटा येतो. बाकीच्यांसाठी निवेदिकेने एका वाक्यात समजवायचं आणि पुढे जायचं. त्या ११ सेकंदांत काय आहे, ते ऐकवायचं की नाही, हे मी पुढे सांगतो.

भाषा उचलायची कुठून? महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रकाशित केलेले एफआयआर वाचायला मिळतात. ई-कोर्ट्‌सवर खालच्या न्यायालयांचे काही निकाल मराठीत असतात. महाभूलेखवर सातबाऱ्याचा नमुना बघा. हे सगळं वाक्यांच्या ठेवणीसाठी वाचा. त्यातली माणसं आणि घटना उचलू नका, नावं बदलूनसुद्धा नको.

मग पंचनामा लिहा. घटनास्थळाच्या पंचनाम्यात चतुःसीमा येते, आणि तिचा ठरलेला साचा आपल्या कामाला येतो:

‘घटनास्थळाची चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस: जांभ्याचा गडगा, त्यापलीकडे मोकळा सडा. पश्चिमेस: समुद्राकडे उतरणारी पायवाट. उत्तरेस: आंब्याचे एक कलम, त्याखाली मोजणीचे यंत्र तिपाईसह उभे. दक्षिणेस: पाण्याची कोरडी डबकी. उत्तरेस: काही नाही. सदर बाजूस पंचांनी समक्ष चालत जाऊन अंतर मोजले असता ते भरले नाही.’

हे वाचताना आवाज बदलायचा नाही. पहिली उत्तर आणि दुसरी उत्तर एकाच सुरात, एकाच गतीत. अर्धे लोक चुकून ऐकलं समजून मागे जाऊन पुन्हा ऐकतील. तेच हवंय.

एक बारीक गोष्ट. पंचनाम्यावर पंच सही करतात, पण पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, कायद्याने घ्यायचीच नसते. जबाबाखाली सही आहे असं तुमच्या गोष्टीत कोणी म्हणालं, तर ते एकतर लेखकाचं अज्ञान ठरतं किंवा कथेतला मोठा धागा. आपल्या फाइलमध्ये गुराख्याच्या जबाबाखाली सही आहे, आणि गुराख्याला लिहिता येत नाही. धागा केला.

कोण बोलतंय, आणि का

निवेदकाला कारण द्या. ‘मला गूढ गोष्टींची आवड आहे’ हे कारण चालत नाही. आपली निवेदिका त्या भूकरमापकाची मुलगी. माणसाचा सात वर्षं ठावठिकाणा नसेल तर तो मृत असल्याचं मानण्याची कायद्यात तरतूद आहे. तिला दिवाणी न्यायालयाकडून तशी घोषणा हवी आहे, म्हणजे घराची वारसनोंद होईल. कागद गोळा करताना ती रेकॉर्ड करते आहे. वडील कुठे गेले यापेक्षा ते गेले असं लिहून मिळावं, ही तिची पहिली गरज. या गरजेमुळे ती सड्यावर जाते, तलाठ्याला भेटते, निवृत्त हवालदाराच्या घरी चहा पिते. कुठेही ओढूनताणून न्यावं लागत नाही.

आणखी एक प्रश्न आधीच सोडवा: हा पॉडकास्ट प्रकाशित कोण करतंय? शेवटी निवेदिका नाहीशी होणार असेल, तर शेवटचा भाग जोडून चढवला कोणी? श्रोते हे विचारतातच. माझं मत विचाराल तर तिला नाहीशी करू नका. तो शेवट आता फार वापरून झालाय. सहाव्या भागात तिला न्यायालयाचा आदेश मिळतो, वारसनोंद होते, गटाची नव्याने मोजणी होते आणि क्षेत्र पुन्हा १ हेक्टर ४० आर भरतं. सगळं जुळतं. ती खूश होते. ऐकणाऱ्याला मात्र कळतं की १२ आर जमीन आणि तिच्यात उभा असलेला माणूस आता कुठल्याच कागदावर नाही.

पहिल्या हंगामाला सहा भाग पुरेत, प्रत्येकी २० ते २५ मिनिटांचे. मराठी निवेदन मिनिटाला साधारण १२० ते १३० शब्दांनी जातं, म्हणजे एका भागाची संहिता अडीच ते तीन हजार शब्दांची. सहाही भाग लिहून झाल्याशिवाय पहिला भाग रेकॉर्ड करू नका.

लिहिताना मी एक नियम पाळायला सांगेन: एका भागात एकच आकडा चुकवा. पहिल्या भागात क्षेत्र, दुसऱ्यात दिशा, तिसऱ्यात सही, चौथ्यात सेकंद. बाकी सगळं, एसटीची वेळ, पावसाची तारीख, चहाचा भाव, बिनचूक ठेवा. सगळंच विचित्र केलं की काहीच विचित्र राहत नाही. पहिल्या भागातली पहिली १५ मिनिटं तर निव्वळ सरकारी कामाच्या खेपांची असावीत, खिडकी क्रमांक दोनवरून चारवर आणि चारवरून उद्या या. श्रोता वैतागून हसला पाहिजे.

आणि ते ११ सेकंद? ऐकवा. पण त्यांत किंकाळी नको, कुजबुज नको. सड्यावरचा वारा, आणि त्यात पंच अंतर मोजताना पावलं मोजतोय: ‘...अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, चाळीस, चाळीस, चाळीस...’

आवाज गोळा करणं

आता माइक. घरात काम करायचं असेल तर यूएसबी डायनॅमिक माइक घ्या, कंडेन्सर नको. कंडेन्सर फार तरतरीत असतो. शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा सोडत नाही. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका धरा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चे धपके बसत नाहीत. पंखा बंद, फ्रिज बंद, मागे गोधड्या किंवा कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट. टाइल्स आणि उघड्या भिंतींच्या खोलीतला घुमारा नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ण जात नाही. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही स्वरूपात. पातळी सरासरीला कमीच ठेवा, सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. प्रत्येक जागी कोणी न बोलता एक मिनिट नुसतं रेकॉर्ड करा. संकलनात भोकं बुजवायला हे मिनिट लागतंच.

या प्रकारात एक सवलत मिळते: सगळा आवाज स्वच्छ असायची गरज नाही. निवेदन चांगल्या माइकवर, जबाब साध्या मोबाइलवर, जप्तीचं चित्रण छातीपाशी धरलेल्या मोबाइलवर उघड्या माळावर. खरंच तसं करा, नंतर इफेक्ट लावण्यापेक्षा ते बरं. फोनवरचा संवाद मात्र इफेक्टने करता येतो: ३०० हर्ट्‌झच्या खालचं आणि ३४०० हर्ट्‌झच्या वरचं सगळं कापलं, की जुन्या फोनचा आवाज तयार.

कलाकार शोधायला लांब जाऊ नका. राज्य नाट्य स्पर्धा आणि एकांकिका स्पर्धांतून काम करणारी मंडळी प्रत्येक जिल्ह्यात आहेत. अडचण एकच, रंगमंचाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायची सवय असते. त्यांना सांगा, समोर एकच माणूस बसलाय आणि तो जरा कंटाळलाय. आकाशवाणीच्या श्रुतिकांत काम केलेलं कोणी ज्येष्ठ गावात असेल तर हात जोडून घेऊन या. कागदाचा आवाज न होऊ देता पान कसं उलटायचं हे तेच शिकवतील. बोलीचं भान ठेवा. गुराखी संगमेश्वरी बोलेल, तलाठी प्रमाण भाषेच्या जवळ जायचा प्रयत्न करेल, आणि बदलीवर आलेला फौजदार कोल्हापूरकडचा असू शकतो. बोलीची टिंगल झाली तर ज्या भागातली गोष्ट आहे तिथलेच श्रोते सोडून जातात. मानधन थोडं असलं तरी द्या, आणि आवाज कुठे, किती काळ वापरणार, यंत्राने त्याची नक्कल करणार नाही, हे एका पानावर लिहून दोघांनी सह्या करा.

संकलन

ऑडॅसिटी हे संकलनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पहिल्या हंगामाला पुरतं. रीपर पुढे जाऊन घ्यावंसं वाटेल, ६० दिवस वापरून बघता येतं.

भयासाठी खर्जातला घरघराट लावायची सवय सिनेमाने लावली आहे. इथे ती फुकट जाते. २० हर्ट्‌झच्या आसपासचा आवाज माणसाला धड ऐकूच येत नाही, आणि मोबाइलच्या स्पीकरमधून १०० हर्ट्‌झचाही फारसा येत नाही. बहुतेक लोक तुम्हाला रिक्षात, स्वयंपाक करताना, साध्या इअरफोनवर ऐकणार. म्हणून आवाज वाढवण्यापेक्षा काढा. रात्रीच्या सड्यावर रातकिडे सतत असतात; प्रसंग चालू असताना दोन मिनिटांत ते इतके हळूहळू कमी करा की केव्हा थांबले ते कळू नये. पूर्ण शून्य शांतता ठेवू नका, श्रोत्याला ॲप बंद पडलं असं वाटतं. आधी रेकॉर्ड केलेलं ते मिनिट खाली चालू ठेवा.

संगीत कमीत कमी. पंचनामा वाचताना अजिबात नको. बाहेरून ध्वनी घेतलात तर परवाना वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये ‘सीसी झीरो’ बिनधास्त वापरा, ‘बाय’ असेल तर श्रेय द्या, आणि ‘एनसी’ असेल तर घेऊ नका, कारण उद्या एखादा प्रायोजक मिळाला की तो ध्वनी अडचणीचा ठरतो.

शेवटी सगळ्या भागांचा जोर सारखा करा. तो एलयूएफएस या एककात मोजतात; स्टिरिओसाठी उणे १६ एलयूएफएस हे ॲपलने सुचवलेलं माप आहे, आणि शिखर उणे १ डेसिबलच्या वर नको. एमपीथ्री १२८ केबीपीएसने काढलीत तर मिनिटाला साधारण एक एमबी, म्हणजे पूर्ण भाग २५ एमबीच्या आत.

खोटं आहे हे सांगायचं कसं

प्रत्येक भागाच्या सुरुवातीला, निवेदिकेच्या नव्हे तर वेगळ्या आवाजात, एक वाक्य: ‘ही काल्पनिक मालिका आहे; यातली माणसं, गावं आणि प्रकरणं खरी नाहीत.’ काहींना वाटतं याने मजा जाते. जात नाही. नाटकाची तिसरी घंटा झाल्यावर आपण आणखी सावरून बसतो, तसंच इथे होतं. उलट वर्णनात हे लपवलं, आणि एखाद्या खऱ्या बेपत्ता माणसाच्या घरच्यांपर्यंत तुमचा भाग ‘खरी घटना’ म्हणून फिरत गेला, तर त्याचं उत्तर तुमच्याकडे नसेल.

बाकीची पथ्यं थोडक्यात. कथेत दहा आकडी मोबाइल क्रमांक उच्चारू नका, तो कोणाचा तरी असतो. गाडीचा क्रमांक एमएच शून्य आठपर्यंत ठीक, पुढे बीप. पात्राचं नाव, हुद्दा आणि तालुका मिळून कुठल्या खऱ्या अधिकाऱ्याशी जुळतात का ते शोधून बघा. बदनामीचा दावा काल्पनिक म्हटल्याने आपोआप टळत नाही. नरबळी, अघोरी विधी, मांत्रिक असं काही आणणार असाल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा एकदा वाचा. आणि जाहिरात मिळाली तरी ‘ग्रहदोष निवारण’वाल्यांची घेऊ नका, एवढी माझी वैयक्तिक विनंती.

बाहेर सोडताना

होस्टिंगची जागा ठरवा. स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्सवर फुकट होतं. पैसे देऊन घ्यायच्या सेवाही आहेत. होस्टिंगकडून एक आरएसएस पत्ता मिळतो, तोच ॲपल पॉडकास्ट्स, यूट्यूब आणि इतर ठिकाणी एकदा द्यायचा. नंतरचे भाग आपोआप पोचतात. गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झालं, त्यामुळे जुन्या मार्गदर्शकांतली ती पायरी सोडून द्या.

भरताना चार रकाने नीट बघा. वर्ग ‘ट्रू क्राइम’ निवडू नका. ‘फिक्शन’ आणि त्याखाली ‘ड्रामा’ निवडा. श्रोते कमी मिळतील असं वाटतं, पण जे येतात ते फसवलं गेल्याच्या रागाने परत जात नाहीत. प्रकार ‘सिरियल’ ठेवा, म्हणजे नव्या श्रोत्याला पहिला भाग आधी दिसतो. ‘एपिसोडिक’ ठेवलात तर तो सहाव्या भागातून आत शिरेल आणि सगळाच बेत फसेल. भाषा मराठी निवडा, बरेच जण हा रकाना इंग्रजीवरच सोडून देतात. मुखचित्र ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौरस, पण तपासायचं मोबाइलवर नखाएवढं करून. देवनागरी शीर्षक बारीक आकारात शिरोरेषेखाली गिचमिड होतं, म्हणून दोन-तीन शब्दांपलीकडे जाऊ नका. कवटी, रक्त, लाल डोळे हे तर नकोच. मोजणीच्या नकाशाचा तुकडा, त्यात चार बाजू आणि पाच कोपरे, एवढं पुरे.

दीड मिनिटाचा ट्रेलर आठवडाभर आधी टाका. त्यात गोष्ट सांगू नका, पंचनाम्याचा तो उतारा नुसता वाचा. सुरुवातीला दोन भाग एकत्र सोडा, कारण पहिला मुद्दाम संथ आहे. मग दर आठवड्याला एक, ठरलेल्या वारी. गणपती आणि दिवाळीचे आठवडे टाळा, त्या दिवसांत सगळ्यांचे कान भरलेले असतात.

पहिल्या भागानंतर कोणीतरी विचारेलच: ‘हे खरंच घडलंय का?’ गूढ ठेवायला म्हणून गप्प बसू नका, डोळा मारणारी इमोजीही नको. ‘नाही, आम्ही लिहिलंय’ असं सरळ सांगा. कोणी लिहील की आमच्याकडेही मोजणी अशीच चुकते. त्यांचं ऐकून घ्या, परवानगी घेऊन टिपून ठेवा. दुसऱ्या हंगामाची फाइल बहुधा तिथेच सुरू होईल. संहिता, मूळ डब्ल्यूएव्ही फाइल आणि कलाकारांच्या सह्यांचे कागद दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यांतली एक दुसऱ्याच्या घरी.